१३७ व्हिडिओ आणि एक कोरी वही

जूनमध्ये निकाल लागला त्या दुपारी आमच्या वाड्याच्या जिन्यावरून कोणीतरी धडधडत वर गेलं आणि वरचं दार आपटलं. अर्ध्या तासाने वरच्या बिऱ्हाडातली सून खाली माझ्याकडे आली. मुलीला दोन विषयांत एटीकेटी. बी.एस्सी.चं दुसरं सेमिस्टर. गणितात १०० पैकी २३, फिजिक्समध्ये २७. केमिस्ट्री काठावर सुटलेली.

"काकू, क्लास लावायचा तर दोन विषयांचे २२ हजार मागतायत. फुकटात ऑनलाइन सगळं मिळतं म्हणे. मग हिला का नाही जमलं?"

प्रश्न माझ्याकडे आला, कारण मी बडोद्यातल्याच एका कॉलेजात २९ वर्षं ग्रंथपाल होते आणि दांडिया बाजारात पुस्तकाचं काही अडलं की लोक अजूनही माझ्या ओट्यावर येऊन बसतात. उत्तर सापडायला सात महिने गेले. ते लिहून ठेवते आहे, कारण नंतर आणखी तीन-चार घरांतून हेच विचारणं झालं आणि तोंडी सांगताना मी दर वेळी काही ना काही गाळत होते. बहुतेक माझ्या स्वतःच्या चुकाच. मुलीचं नाव लिहीत नाही. तिने हे वाचलं आहे, एका वाक्यावर हरकत घेतली आहे, आणि ते वाक्य मी तसंच ठेवलं आहे.

घराबद्दल थोडं. वडील मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका वर्कशॉपमध्ये कामाला. दोन खोल्या, त्यात आजी आणि आजीचा टीव्ही. वायफाय नाही, मुलीच्या फोनवर दिवसाला दीड जीबी. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, कॉलेज इंग्रजी. बडोद्यातल्या मराठी घरांना यात नवल नाही, आम्ही तीन खिशांत तीन भाषा घेऊनच हिंडतो. पण या तीन खिशांनी पुढे एक गंमत केली, ती ओघात येईल.

फोनची झडती

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला फोन आणि वही दोन्ही घेऊन बोलावलं. आधी फोन बघितला. "नंतर बघू" म्हणून ठेवलेले १३७ व्हिडिओ. त्यात गणिताचे चार वेगवेगळे शिक्षक, फिजिक्सचे पाच. शिकवणीची सात अ‍ॅप. टेलिग्रामवरच्या तीन ग्रुपांतून उतरवलेली चार जीबी पुस्तकं, त्यातली निम्मी स्कॅन करताना वाकडी आलेली आणि बहुतेक चोरीची. सरकारच्या स्वयम् पोर्टलवर एनपीटेलच्या, म्हणजे आयआयटींच्या मोफत ऑनलाइन कोर्सपैकी, सहांना नाव घातलेलं. सहाही कोर्सच्या असाइनमेंट शून्य.

शिवाय ई-पीजी पाठशाला, शोधगंगा, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, सगळ्यांवर खाती. ई-पीजी पाठशाला एम.ए.-एम.एस्सी.च्या मुलांसाठी, शोधगंगेत पीएच.डी.चे प्रबंध. दोन्ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडून चालतात, चांगली चालतात, मी त्यांच्या प्रशिक्षणांना जाऊन आले आहे. पण पहिल्या वर्षाच्या मुलीने शोधगंगेवर खातं काढणं म्हणजे पोहायला शिकण्याआधी होडीचा परवाना काढणं. कॉलेजात कोणीतरी प्रोजेक्टरवर यादी दाखवली होती, हिने भक्तिभावाने सगळीकडे नाव घातलं.

मग वही. फेब्रुवारीपर्यंत वर्गातल्या नोट्स, मार्चपासून कोरी.

"आजी, मी अभ्यास करत नव्हते असं नाही हां. रोज तीन-तीन तास बघायचे."

हरकत घेतलेलं वाक्य ते हेच. तिचं म्हणणं, असं वाचून लोकांना मी आळशी वाटेन. मला उलट वाटतं. रोज तीन तास म्हणजे कष्टच. क्रियापद मात्र तिने अचूक वापरलं होतं.

मी गणिताची बाई नाही, पण मॅट्रिक्सची ओळ ओळीतून वजा करण्याइतकं जुनं गणित येतं. तीन समीकरणांचे आकडे कागदावर मांडून दिले. पहिली ओळ १, १, १ आणि उजवीकडे ६. दुसरी २, ३, १ आणि ११. तिसरी १, ४, ३ आणि १८. "सोडव."

पहिली दोन मिनिटं ती भराभर बोलत होती: पिव्हट म्हणजे काय, रँक कशी काढायची, हे सगळं चित्र डोळ्यासमोर कसं आणायचं. अगदी व्हिडिओतल्या प्राध्यापकासारखी. मग पेन टेकवलं. दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा केली: ०, १, आणि तिसऱ्या जागी १ मधून २ गेले की उणे १ यायला हवा तिथे नुसता १. उजवीकडे उणे १ बरोबर आला. पुढचं सगळं तिने नेटाने केलं, पण चुकलेल्या पायावर. उत्तर आलं ७, १४ आणि उणे १५.

"ताळा कर."

"ताळा?"

उत्तर परत समीकरणात घालून बघायचं असतं हे तिला माहीत होतं. कधी केलं नव्हतं इतकंच. दुसऱ्या ओळीत घातलं, ११ यायला हवेत तिथे ४१ आले. ती कागदाकडे बघत बसली. वरून आजीच्या मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येत होतं. मग स्वतःच वर गेली, एक-एक आकडा बोटाने पुसल्यासारखी, आणि ती एक खूण सापडली. पुन्हा केलं: १, २, ३. अठरा मिनिटं लागली होती.

"व्हिडिओत हे चार मिनिटांत होतं," ती म्हणाली.

चार मिनिटांत दुसऱ्याचं होतं. सराईत हाताने काढलेलं गणित बघताना आपलाच हात चालतोय असा भास होतो, आणि खूण चुकल्याची बोच कधी लागतच नाही, कारण फळ्यावरचा माणूस चुकत नाही. तिचं निदान त्या संध्याकाळी झालं असं मी धरते. साधनं वाईट नव्हती. त्या १३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतले गिल्बर्ट स्ट्रँग यांची लेक्चरंही होती. त्यांनी २०२३ मध्ये ८८व्या वर्षी शेवटचं लेक्चर दिलं, आणि जगभरातल्या मुलांनी रेषीय बीजगणित त्यांच्याकडून घरबसल्या शिकून घेतलं. पण स्ट्रँग यांचा एक क्रम, दुसऱ्या यूट्यूबवाल्याचा दुसरा, तिसरा फक्त स्पर्धा परीक्षेच्या युक्त्या सांगणारा, आणि हिच्या पेपरात केली-हॅमिल्टनचं प्रमेय ठरावीक पायऱ्यांनी लिहायला सांगितलेलं. कुठला धागा कुठे जोडायचा हे सांगणारं कोणी नव्हतं.

पेटी

इथे मला माझ्या गावाचा इतिहास उपयोगी पडला, ग्रंथपालाचा थोडा तोरा समजा हवं तर. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. तीन वर्षांत त्याने संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं, आणि त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या. गावाने मागणी केली की निवडक पुस्तकांची एक पेटी तिथे जायची, वाचून झाली की परत यायची, दुसरी निघायची. गावाला खर्च नाही. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात काचेच्या फरशांखाली केवढी पुस्तकं होती! ती सगळी गावात नेऊन ओतायचं कोणाच्या मनात आलं नाही. पेटीला झाकण होतं, आणि पेटी भरणाऱ्याने आधी गावाचा विचार केलेला होता.

मुलीला म्हटलं, आपण पेटी भरायची. कालनिर्णयचं जुनं पान उलटं केलं, वर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची एकेक ओळ उतरवली, शेजारी गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत ती ओळ किती गुणांना आली ते. हे काम दोन संध्याकाळी चाललं आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहिलं. त्यानंतर प्रत्येक विषयाला एकच साधन. निवडायची कसोटीही एकच ठेवली: सोडवायला उदाहरणं आहेत का, आणि उत्तरं पडताळता येतात का? शिकवणारा किती नामांकित, व्हिडिओ किती लाखांनी बघितला, याला शून्य गुण.

या कसोटीवर बरंच काही आपोआप गळालं. गणिताला स्ट्रँगच राहिले, पण यूट्यूबवरचे सुटे नव्हेत. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर, म्हणजे २००१ मध्ये ज्याची घोषणा झाली त्या मोफत संग्रहात, याच विषयाची एक आवृत्ती घरी शिकणाऱ्यांसाठी बांधलेली आहे. तीत प्रत्येक धड्याला गणितं आणि त्यांची सोडवणूक असते. तीही सगळी नाही. अभ्यासक्रमाच्या ओळीसमोर ज्या लेक्चरचा आकडा पडला तेवढीच. फिजिक्सला ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचं ओपनस्टॅक्स. २०१२ पासून ते कॉलेजची पाठ्यपुस्तकं मोफत काढतात, गेट्स आणि ह्यूलेट यांच्यासारख्या प्रतिष्ठानांच्या पैशावर. युनिव्हर्सिटी फिजिक्सच्या दुसऱ्या खंडात वीज आणि चुंबकत्व येतं, आणि विषम क्रमांकाच्या उदाहरणांची उत्तरं मागे दिलेली आहेत. एकदा पीडीएफ उतरवली की डेटाही लागत नाही. दीड जीबीच्या घरात हा मोठा मुद्दा.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणं तिला तिसऱ्या सेमिस्टरला होतंच, म्हणून एनपीटेलच्या सहा कोर्सपैकी तो १२ आठवड्यांचा एक ठेवला, पाच सोडले. सोडताना तिला जड गेलं. "फुकट आहेत ना आजी, राहू देत ना." मी म्हटलं, फुकट आहेत म्हणूनच जड आहेत.

केमिस्ट्रीला मॅकमरी यांचं ऑर्गॅनिक केमिस्ट्री. या पुस्तकापाशी मी थोडी रेंगाळते. माझ्या नोकरीच्या काळात हे पुस्तक म्हणजे ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकाला खिंडार. दोन प्रती घेतल्या की त्या वर्षी दुसरं काहीतरी राहायचं, आणि मुलं त्या प्रती लपवून ठेवायची, कपाटाच्या मागे, गणिताच्या रॅकमध्ये. १९८४ पासून दर काही वर्षांनी नवी, महाग आवृत्ती. मॅकमरींचा मुलगा पीटर सिस्टिक फायब्रोसिसने २०१९ मध्ये गेला. त्याच्या स्मरणार्थ त्यांनी दहावी आवृत्ती प्रकाशकाकडून सोडवून घेतली आणि २०२३ मध्ये ओपनस्टॅक्सवर सगळ्यांसाठी खुली केली. मुलीच्या फोनवर ती दोन मिनिटांत उतरली. मला त्या कपाटामागच्या प्रती आठवल्या.

फुकट, आणि फुकटासारखं

आता माझी चूक. पहिल्याच आठवड्यात, पेटी भरायच्या आधी, पेपरातली जाहिरात वाचून मी एक अ‍ॅप सुचवलं होतं. "सात दिवस मोफत." उघडताना एक रुपया यूपीआयने द्यायचा होता, तो तिने वडिलांच्या फोनवरून दिला. आठव्या दिवशी खात्यातून ५९९ रुपये गेले. एक रुपया देताना दरमहा पैसे कापायची परवानगी त्याच बटणात होती, बारीक अक्षरांत. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचं पान असतं, तिथे जाऊन ती परवानगी रद्द केली, गेलेले गेले. मी पैसे देऊ केले, वडिलांनी घेतले नाहीत, आणि त्यांनी काही बोलून दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून कुठलंही साधन आलं की आम्ही आधी विचारायचो, याचा खर्च कोण करतंय? एनपीटेल २००३ पासून आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी चालवतात, सरकारी पैशातून. स्वयम् पोर्टलही सरकारचंच, ९ जुलै २०१७ चं. तिथे शिकायला पैसे नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क. ओपनस्टॅक्सला प्रतिष्ठानं, ओपनकोर्सवेअरला विद्यापीठ आणि देणगीदार. यूट्यूबला जाहिराती, म्हणजे आपला वेळ. आणि जिथे खर्च कोण करतंय ते दिसत नाही, तिथे बहुधा आपलाच बाप करत असतो, आठव्या दिवसापासून.

टेलिग्रामची चार जीबी मी तिच्याकडून पुसायला लावली नाही. ग्रंथपाल म्हणून लावायला हवी होती. एवढंच म्हटलं की खुलं, कायदेशीर पुस्तक समोर असताना वाकडं स्कॅन वाचून डोळे का फोडतेस. तिने नंतर आपणहून पुसली, जागा कमी पडली म्हणून.

ओट्यावरचे महिने

जुलैपासून रोज सात ते नऊ ती माझ्या ओट्यावर. नियम असा: २५ मिनिटं फोन, मग फोन माझ्या फ्रिजवर आणि दोन उदाहरणं ताळ्यासकट सुटेपर्यंत खाली यायचा नाही. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. दिवसाला दोन उदाहरणंही होत नव्हती. तीन तास बघणाऱ्या मुलीला हे म्हणजे उलटं चालल्यासारखं वाटायचं. एकदा चिडून म्हणाली, या हिशेबाने अभ्यासक्रम दिवाळी सोडा, होळीला संपेल. मी गप्प राहिले, कारण हिशेब बरोबर होता. तिसऱ्या आठवड्यात वेग आला तो आपोआप आला. खुणा चुकायच्या कमी झाल्या की परत मागे जावं लागत नाही.

फिजिक्समध्ये मला एक मजेशीर गोष्ट बघायला मिळाली. तिच्या डोक्यात पक्कं होतं की बॅटरीतून निघालेला करंट पहिल्या बल्बमध्ये थोडा संपतो आणि उरलेला दुसऱ्यात जातो. चार व्हिडिओ बघून, परीक्षा देऊन, नापास होऊनही हे तसंच होतं; कोणी विचारलंच नव्हतं. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला फेट नावाचा उपक्रम आहे. वीमन २००१ चे नोबेलवाले. तिथे सर्किट जोडायची सिम्युलेशन फुकट मिळतात, कित्येक मराठीतही. एका ओळीत दोन बल्ब जोडले, पहिल्याच्या आधी करंट मोजणारा अ‍ॅमीटर, दोघांच्या मध्ये एक, शेवटी एक. तिन्हींवर एकच आकडा.

"अ‍ॅप चुकतंय," ती म्हणाली.

बल्ब बदलले. बॅटरी वाढवली. तार लांब केली. पंधरा मिनिटं ती त्या यंत्राला खोटं पाडायच्या खटपटीत होती. शेवटी म्हणाली, "मग बल्बमध्ये संपतं काय?" हा प्रश्न घेऊन ती पुस्तकात शिरली आणि विभवांतराचं, म्हणजे व्होल्टेजचं, प्रकरण पहिल्यांदा नीट वाचलं. दोन-तीन दिवस ती जेवतानाही व्होल्टवरच बोलत होती असं तिची आई म्हणाली.

आता त्या तीन खिशांची गंमत. प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी संगणकावर आलेख काढायचे होते. मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्यूटोरियल मला ठाऊक होते: दहा-दहा मिनिटांचे धडे, पडद्यावर बघत-थांबवत शेजारी करून बघायचे, आणि बावीस भारतीय भाषांत आवाज दिलेला. एक्सेलसारख्या लिब्रेऑफिस कॅल्कचे धडे मी मोठ्या अभिमानाने मराठीत लावून दिले. पाचव्या मिनिटाला तिचा चेहरा पडला. घरचं मराठी म्हणजे भाजी, भांडण, पाहुणे. "स्तंभ", "सूत्र", "निवडा" हे तिने अभ्यासाच्या संदर्भात कधी ऐकलेलंच नव्हतं. शाळेत सगळं गुजरातीतून झालेलं. तिने स्वतःच गुजराती लावलं आणि तासाभरात आलेख तयार. मला किंचित लागलं ते. मातृभाषेतून शिकावं हे आपण इतक्या सहज म्हणतो, पण बडोद्यातल्या मराठी मुलीची घरची भाषा एक आणि अभ्यासाची दुसरी असू शकते, हे माझ्याच ओट्यावर मला कळायचं होतं.

हजार रुपये

ऑगस्टमध्ये एनपीटेलच्या परीक्षेची नोंदणी. कोर्सला नाव घालणं वेगळं आणि परीक्षेला नोंदवणं वेगळं, हे पुष्कळ मुलांना तारीख उलटून गेल्यावर कळतं. आम्हाला वेळेत कळलं एवढंच. शुल्क १,००० रुपये, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. हिशेब असा की अंतिम गुणांत असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५. बारा आठवड्यांच्या कोर्सला उत्तम आठ असाइनमेंट धरतात. आणि प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० व ७५ पैकी ३० दोन्हीकडे वेगवेगळे लागतात. तिच्या तोवरच्या असाइनमेंट चांगल्या होत्या.

या कोर्सची क्रेडिट पदवीत धरली जातील का हे विचारायला ती कॉलेजच्या विभागात गेली. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे सेमिस्टरमधल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् मधून घेता येतात हे मीच तिला छापून दिलं होतं. विभागातून उत्तर आलं की नियम आहे, पण कुठले कोर्स चालतील ती यादी संस्थेने सेमिस्टरच्या आधी मंजूर करावी लागते, यंदा तशी यादी नाही, जूनमध्ये विचारायला हवं होतं. उत्तर नियमाला धरून होतं. जूनमध्ये ती जिन्यावर रडत होती.

क्रेडिट नाहीत, मग हजार रुपये कशाला, असं मी म्हटलं. ५९९ ची ठेच ताजी होती. शिकणं तर फुकट चालूच राहील ना. ते ऐकून तिने नोंदणी केली नाही. सातव्या आठवड्यानंतर तिने असाइनमेंटही भरली नाही. आळस म्हणावा तर तसं नव्हतं, त्याच दिवसांत गणिताची वही भरत होती. पण ज्या कामाला शेवटी कोणी विचारणार नाही ते रोज एक दिवस पुढे ढकललं गेलं, आणि एकदा असाइनमेंट भरायचा बुधवार चुकला की पुढचा चुकायला काही लागत नाही. ते हजार रुपये प्रमाणपत्राचे आहेत असं मी समजत होते. खरं तर ते तारखेचे होते. आज कोणी विचारलं तर मी सांगते, परवडत असेल तर एका, फक्त एका कोर्सचे भर, आणि विभागाला मे महिन्यातच जाऊन विचार.

निकाल

परीक्षा झाल्या, दिवाळी येऊन गेली, जानेवारीत निकाल. एटीकेटीचे दोन्ही पेपर निघाले: गणित ५८, फिजिक्स ४९. तिसऱ्या सेमिस्टरमध्ये बाकी सगळं ठीक, आणि केमिस्ट्री गेली.

केमिस्ट्री का गेली यावर मी बरीच झोप घालवली. पुस्तक उत्तम, सोडवलेली उदाहरणं भरपूर, माझ्या कसोटीला पुरेपूर उतरलेलं. पण ऑर्गॅनिकमध्ये उत्तराला जायचा रस्ता बाणांनी काढावा लागतो, इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघून कुठे गेली ते दाखवत. शेवटचा रेणू बरोबर आला तरी बाण उलटा असू शकतो, आणि ते पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळवून कळत नाही. गणिताला ताळा आहे, या बाणांना नाही. शेजारी बसून "हा इथून का निघाला?" असं विचारणारं माणूस लागतं, आणि ओट्यावर मी होते, जिला बेन्झिनचा षट्कोन चितारण्यापलीकडे काही येत नाही. चार महिने ती उलटे बाण सुबक काढत राहिली आणि मी मान डोलावत राहिले. म्हणजे तिचा जुना रोग मला लागला होता.

त्यावर इलाज ऑनलाइन सापडला नाही. रावपुऱ्यात एक एम.एस्सी. करणारी मुलगी निघाली, आमच्या गणपतीच्या मंडळातलीच. ती रविवारी दोन तास येते. पैसे घेत नाही, पण सेव-उसळ लागते, आणि तिखट लागते. आल्या दिवशी तिने वहीतली पहिली सहा पानं बघितली आणि चार बाण लाल पेनाने फिरवले. मॅकमरी पुस्तक तेच आहे.

२२ हजार वाचले का, असं तिच्या आईने परवा हसत विचारलं. धरला तर हिशेब असा: ५९९ गेले, झेरॉक्सला साडेतीनशे, सहा वह्या, आणि सहा महिन्यांच्या माझ्या संध्याकाळी, ज्यांत मी नाहीतरी मालिकाच बघितली असती.

फोनवरच्या १३७ व्हिडिओंची मी मुद्दाम चौकशी केली. आता दोनशेच्या वर आहेत. "बघत नाही हो आजी, नुसते ठेवते," म्हणाली. धाकटा भाऊ यंदा बी.कॉम.ला गेला आहे. त्याचा फोनही याच वाटेने निघालाय असं ती सांगत होती, जरा मोठेपणाने. मंगळवारी चौथ्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम छापून आणला, ओट्यावर बसली, प्रश्नपत्रिका शेजारी पसरल्या. मी चष्मा शोधत होते तोवर तिने निम्म्या ओळींपुढे गुण लिहूनही टाकले होते.

"आजी, कालनिर्णयचं जुनं पान आहे का? दोन द्या. एक त्याला."